भरलेला फ्रेंच टोस्ट : वरून सोनेरी, पण आतून?

ब्रेड खावा की खाऊ नये, हा प्रश्न मला दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी विचारतेच. गंमत म्हणजे विचारणाऱ्या बाईंच्या पिशवीतून त्याच वेळी ब्रेडचा पुडा डोकावत असतो. त्यांचा तरी काय दोष? बदलापूरहून किंवा अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडायची, त्याआधी पाणी भरायचे, डबे करायचे, मुलांना उठवायचे. एवढ्या धांदलीत रोज थालीपीठ थापा, असे सांगणारी डॉक्टर मी नाही. माझे स्वतःचे आयुष्यही याच गाड्यांच्या वेळापत्रकावर गेले आहे.

तेव्हा ब्रेड घरात येणारच, असे धरून चालू. मग तो चहात बुडवून किंवा जॅम लावून खाण्यापेक्षा त्याची धड न्याहारी कशी होईल, एवढेच पाहायचे. त्या दृष्टीने फ्रेंच टोस्ट, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘अंडा-ब्रेड’ म्हणतात तो, चांगला पदार्थ आहे. त्यात दोन स्लाइसच्या मध्ये सारण भरले तर तो आणखी पौष्टिक होतो. अलीकडे मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून मुले हाच भरलेला टोस्ट मागतात. मात्र नुसता टोस्ट आणि भरलेला टोस्ट यांत एक मोठा फरक आहे आणि तो मला माझ्याच स्वयंपाकघरात, बऱ्यापैकी महागात पडून कळला. ती हकीकत आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, सुट्टीचे दिवस. बहिणीची दोन मुले माझ्याकडे राहायला आली होती. भाचा अकरा वर्षांचा, भाची सात वर्षांची. रात्री जेवणात बटाट्याची भाजी केली होती, ती वाटीभर उरली. फ्रीजमध्ये आमरसाचे पातेले, आंबे आणि कलिंगड यांनी जागा अडवलेली. मी भाजीवर ताटली झाकली आणि ती ओट्यावरच ठेवून दिली. सकाळी सातला उठून त्याच भाजीचे सारण केले, दोन-दोन स्लाइसमध्ये चांगले जाडजूड भरले, अंड्यात बुडवून तव्यावर टाकले. मोठ्या आचेवर दोन्ही बाजू सुरेख सोनेरी झाल्या. भाच्याने दोन खाल्ले, भाचीने एकातला अर्धा टाकला. माझी संकष्टी होती, त्यामुळे मी काहीच खाल्ले नाही.

नंतर आम्ही अंबरनाथचे शिवमंदिर पाहायला गेलो. 1060 सालचे ते देऊळ मुलांना दाखवायचे कधीपासून मनात होते. दहाच्या सुमारास, देवळाच्या भिंतीवरची शिल्पे मी समजावून सांगत असतानाच भाच्याने पोट धरले आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत पाच-सहा उलट्या, पोटात कळा. भाचीला नुसतीच मळमळ. मी घरीच क्षारसंजीवनी सुरू केली आणि संध्याकाळपर्यंत मुलगा सावरला. बहिणीला फोन करताना मात्र माझा घसा कोरडा पडला होता. पंचवीस वर्षे लोकांना उघड्यावरचे खाऊ नका म्हणून सांगणारी मी, आणि मुलगा आजारी पडला तो माझ्या हातच्या खाण्याने.

त्या रात्री ओटा आवरताना भाचीच्या ताटलीतला उरलेला अर्धा टोस्ट मी उलगडून पाहिला. मध्यभागी ब्रेड ओला गिच्च होता आणि बोटाने दाबल्यावर त्यातून पिवळट पातळ अंडे बाहेर आले.

आता वाचक म्हणतील, सापडला चोर, कच्चे अंडे! मलाही पहिल्या क्षणी तसेच वाटले होते. पण घड्याळाचा हिशेब जुळेना. अन्नातून होणाऱ्या विषबाधेत खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत किती तास गेले, हे फार महत्त्वाचे असते. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तेच विचारते. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अंड्यातून येणारा मुख्य जंतू म्हणजे साल्मोनेला. तो पोटात गेल्यावर आतड्यात वाढतो आणि मग त्रास देतो. त्याला साधारण बारा ते छत्तीस तास लागतात, क्वचित सहा तासांत, तर कधी तीन दिवसांनीही. ताप येतो, जुलाब होतात. आमच्या भाच्याला त्रास झाला तो तीन तासांत, आणि मुख्यतः उलट्यांचा. इतक्या लवकर उलट्या होतात तेव्हा बहुधा जंतूंनी अन्नातच आधी तयार करून ठेवलेले विष पोटात गेलेले असते. असे विष तयार करणारा एक नेहमीचा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस. तो आपल्या नाकात, त्वचेवर, आणि विशेषतः पिकलेल्या जखमेत असतो.

आणि माझ्या डाव्या अंगठ्याला आदल्याच दिवशी विळीने कापलेले होते. पट्टी बांधून, त्याच हाताने मी उकडलेले बटाटे कुस्करले होते.

तपासणीला काही पाठवले नव्हते, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण माझा संशय रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाजीवरच आहे. पुष्कळ जणांची समजूत असते की सकाळी खमंग गरम केले की सगळे जंतू मरतात. जंतू मरतात हे खरे, पण स्टॅफिलोकोकसचे विष उकळल्यानेसुद्धा नष्ट होत नाही. तव्यावर तर नाहीच नाही. शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा नियम आहे. हवेचा पारा बत्तीस अंशांवर असेल तर एकच तास. बदलापूर-अंबरनाथकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. रात्री आठ ते सकाळी सात म्हणजे अकरा तास झाले!

मग अंडे निर्दोष सुटले का? त्या दिवसापुरते सुटले, तेही नशिबाने. ते अंडे दूषित असते तर दुसऱ्या दिवशी ताप आणि जुलाब यांची दुसरी फेरी झाली असती. म्हणजे एका टोस्टमध्ये मी दोन धोके भरले होते, शिळे सारण आणि कच्चे अंडे, आणि दोन्ही त्या सोनेरी कवचाआड लपलेले होते. नुसत्या फ्रेंच टोस्टमध्ये असे सहसा होत नाही, कारण तो एकच स्लाइस असतो आणि दोन्ही बाजूंनी आच लागली की आतपर्यंत शिजतो.

भरलेला टोस्ट आतून कच्चा का राहतो, हे समजून घेतले तर कृती आपोआप नीट होईल. ब्रेड म्हणजे हवेच्या भोकांची जाळी. हवेतून उष्णता फार सावकाश जाते. त्या जाळीत आपण अंडे-दूध मुरवतो, मध्ये सारणाचा थर देतो आणि ते सारण फ्रीजमधून काढलेले थंडगार असेल तर आत जाणारी उष्णता तेच आधी पिऊन टाकते. तवा मोठ्या आचेवर असला की बाहेरची बाजू दोन मिनिटांत तांबूस होते, पण मध्यभागी साठ अंशही झालेले नसतात. अंड्यातले जंतू खात्रीने मरायला पदार्थाच्या मध्यभागी सुमारे 71 अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यातून अंड्यात दूध घातले की ते मिश्रण नुसत्या अंड्यापेक्षा उशिरा घट्ट होते. रंग पाहून टोस्ट उतरवणाऱ्याची फसगत होते ती अशी.

आता कृती. दोन माणसांसाठी चार स्लाइस, दोन अंडी, पाव वाटी दूध, चिमूटभर हळद, मिरपूड, पाव चमच्याहूनही कमी मीठ आणि दोन लहान चमचे तेल. सारणासाठी पन्नास ग्रॅम किसलेले पनीर, एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून, कोथिंबीर, आणि मुले तिखट खात असतील तर अर्धी हिरवी मिरची. पनीर परवडत नसेल तर ताजा उकडलेला बटाटा किंवा वाफवलेले मटार चालतील. सारण आधी कढईत टाकून वाफ येईपर्यंत गरम करावे आणि गरम असतानाच भरावे. मी हे पूर्वी करत नव्हते.

ब्रेड एक दिवसाचा शिळा घ्यावा. ताजा, मऊ ब्रेड अंड्यात टाकला की विरघळल्यासारखा होतो आणि जास्त मिश्रण पितो. शिळा ब्रेड मिश्रण बेताने पितो आणि आकार सोडत नाही. ब्रेड शिळा होणे म्हणजे केवळ वाळणे नव्हे. त्यातला पिष्टमय भाग पुन्हा घट्ट होत जातो, आणि फ्रीजच्या थंडीत ही क्रिया उलट लवकर होते. म्हणूनच फ्रीजमधला ब्रेड दुसऱ्या दिवशी कडक लागतो. खायला तो बरा लागत नाही, फ्रेंच टोस्टला मात्र उत्तम.

एका स्लाइसवर सारण पसरावे. थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे करंगळीच्या निम्म्या जाडीपेक्षा, जास्त नको. चारी कडांना बोटभर जागा सोडून दुसरा स्लाइस वर ठेवावा आणि कडा तळहाताने दाबून घ्याव्यात. पसरट ताटलीत अंडी, दूध, हळद, मीठ, मिरपूड चांगले फेटावे. पांढऱ्या बलकाचे गुठळे दिसता कामा नयेत. भरलेला ब्रेड त्यात एका बाजूने दहा-बारा सेकंद, उलटून तितकाच वेळ ठेवावा आणि उचलून क्षणभर निथळू द्यावा. भिजत घालून मीठ-मसाला शोधायला जाऊ नये.

तवा मध्यम तापला की एक चमचा तेल पसरून टोस्ट ठेवावा, लगेच आच मंद करावी आणि वर झाकण ठेवावे. झाकण ही यातली खरी युक्ती आहे. आत कोंडलेली वाफ वरच्या बाजूनेही टोस्ट शिजवते. तीन ते चार मिनिटांनी उलटावे, पुन्हा झाकण, पुन्हा तीन मिनिटे. मग झाकण काढून दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट कुरकुरीत कराव्यात. उतरवल्यावर एक मिनिट तसाच राहू द्यावा. नंतर सुरीने बरोबर मध्यातून कापावा आणि कापलेल्या बाजूवर उलथन्याने हलकेच दाबावे. पातळ अंडे दिसले किंवा ब्रेड गिच्च लागला तर दोन्ही तुकडे कापलेली बाजू खाली करून परत तव्यावर. घरात तापमापक नसला तरी या परीक्षेत टोस्ट लबाडी करू शकत नाही. कोपरा तोडून पाहणारे पुष्कळ असतात; कोपरा नेहमीच शिजलेला असतो.

या न्याहारीतून काय मिळते ते पाहा. दोन स्लाइसमध्ये साधारण चार ग्रॅम प्रथिने, एका अंड्यात सहा, पंचवीस ग्रॅम पनीरमध्ये साडेचारच्या आसपास आणि दुधातून एखादा ग्रॅम. म्हणजे एका भरल्या टोस्टमधून पंधरा ग्रॅमपर्यंत प्रथिने आणि सुमारे साडेतीनशे उष्मांक. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे शेहेचाळीस ग्रॅम प्रथिने लागतात, त्यातला तिसरा हिस्सा सकाळीच पदरात पडतो. याउलट लोणी-जॅम लावलेल्या दोन स्लाइसमधून चार ग्रॅमच. उपाशीपोटी धक्के खात कल्याणपर्यंत उभ्याने जाणाऱ्या आणि मग अकराला चक्कर येते म्हणून माझ्याकडे येणाऱ्या भगिनींनी हा हिशेब जरूर करावा. त्यांतल्या कितीतरी जणींना मी औषधाऐवजी न्याहारी लिहून दिली आहे. सोबत एखादे पेरू, केळे किंवा काकडी-टोमॅटोच्या फोडी असाव्यात, कारण ब्रेडमध्ये चोथा फार थोडा. ‘ब्राउन’ लिहिलेला ब्रेड असला म्हणजे चोथा आलाच, असे समजू नका. पुड्यावरच्या घटकांच्या यादीत पहिले नाव कशाचे आहे ते वाचा. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो आधी लिहायचा असा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे असेल आणि पुढे कुठेतरी रंग म्हणून कॅरमेल असेल तर तो रंगवलेला मैदाच.

गोड सारणाबद्दल थोडेसेच. केळ्याचे काप, वेलची, थोडे खोबरे, बस. मुलांसाठी हे पुरे. वर मध, पाक, चॉकलेट यांचा अभिषेक करण्याची जी नवी रीत आली आहे तिच्यामुळे न्याहारीचे मिष्टान्न होते. मधुमेहाचे रुग्ण हमखास विचारतात, “डॉक्टरबाई, साखर नाही, गूळ घातला तर चालेल ना?” गूळ ही साखरच आहे. त्यांनी तिखट सारणाचाच टोस्ट खावा, आणि तोही एकच.

ज्यांच्याकडे अंडे चालत नाही किंवा श्रावणात, चातुर्मासात वर्ज्य असते, त्यांनी बेसनाचा टोस्ट करावा. चार मोठे चमचे बेसन, ओवा, हळद, मीठ आणि भज्यांच्या पिठापेक्षा थोडे पातळ होईल इतके पाणी. कृती तीच, झाकणही तसेच. जंतूंची भीती इथे कमी असली तरी बेसन मध्ये कच्चे राहिले की पोट जड होते, गुबारा धरतो. शाळेच्या डब्यात द्यायचा असेल तर हाच द्यावा. अंड्याचा भरलेला टोस्ट घरी गरम खाण्यासाठी आहे. बंद डब्यात तो कोमट राहतो आणि कोमट ओलावा जंतूंना फार मानवतो.

शिळ्या पावाला अन्न म्हणून पुन्हा उभे करण्याची ही कल्पना फ्रेंचांचीच आहे असे मात्र नाही. रोमन काळातल्या, अपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाककृतींच्या संग्रहात दुधात भिजवून तळलेला आणि वर मध घातलेला पाव आहे. फ्रेंच लोक या टोस्टला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. आपल्याकडे फोडणीची पोळी, फोडणीचा पाव आहेतच. आणि आमच्या शेजारच्या उल्हासनगरात तर याचा फार सुरेख नमुना आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसे कल्याणजवळच्या युद्धकाळातल्या लष्करी छावण्यांत उतरली. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. आजही लोक पत्ता सांगतात तो कॅम्प नंबरानेच. त्या घरांतून ‘सेयल डबल रोटी’ करतात. कोथिंबीर, लसूण, हिरवी मिरची आणि टोमॅटो यांचे वाटण तेलात परतायचे, थोडे पाणी घालून उकळी आणायची आणि शिळ्या ब्रेडचे तुकडे त्यात टाकून झाकण ठेवायचे. माझ्याकडे येणाऱ्या कॅम्प चारमधल्या एका आजींना मी माझी फजिती सांगितली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या की सेयल करताना झाकणाखालून वाफ बाहेर येईपर्यंत त्यांच्या सासूबाई चुलीपासून हलू देत नसत. टोस्टवर झाकण ठेवण्याची सवय मला त्या गप्पांनंतर लागली.

परंतु शिळा आणि खराब यांत अंतर आहे, हे पावसाळ्यात विसरू नये. उल्हास नदीच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ब्रेडवर दोन दिवसांत बुरशी धरते. हिरवा-पांढरा ठिपका असलेला स्लाइस काढून बाकीचे वापरायचे, किंवा ठिपका सुरीने खरवडून टाकायचा, असे पुष्कळ घरांत चालते. आपल्याला दिसतो तो फक्त बुरशीचा फुलोरा. तिचे तंतू मऊ ब्रेडमध्ये खोलवर आणि शेजारच्या स्लाइसमध्येही गेलेले असू शकतात. असा पुडा सबंध टाकावा, वास घेऊन पाहण्याच्याही भानगडीत पडू नये. उन्हाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. ब्रेड मोडला की आत चिकट तार सुटते आणि पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. तोही टाकावा. कॅम्पातल्या बेकऱ्यांचा सुटा ब्रेड खरपूस असतो, मलाही आवडतो; पण त्यावर तारीख नसेल तर आजचाच आहे ना, एवढे विचारून घ्यावे. बेकऱ्यांत पूर्वी पोटॅशियम ब्रोमेट वापरले जाई, त्यावर 2016 साली देशात बंदी आली.

अंड्यांचेही तसेच. तडकलेले अंडे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. कवचावर घाण असेल तर फोडण्याच्या आधी धुवावे. धुऊन साठवू नये, कारण ओल्या कवचातून जंतू आत शिरायला वाव मिळतो. पाण्यात तरंगणारे अंडे जुने असते एवढेच त्या परीक्षेतून कळते. बुडणारे अंडे निर्जंतुक असते असा त्याचा अर्थ नाही. अंडी फोडल्यावर साबणाने हात धुवावेत आणि हाताला जखम असेल तर सारण चमच्याने कालवावे, हे मी आता कुणालाही अधिकारवाणीने सांगू शकते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, मधुमेही आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण यांनी अर्धकच्चे अंडे कोणत्याही रूपात खाऊ नये.

इतके करूनही कधी उलट्या-जुलाब झालेच, तर पहिले काम म्हणजे पाण्याची भरपाई. क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यात कालवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मिठाचे माप अंदाजे घेऊ नये. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजावे. गटागट दिले की ते परत येते. उलट्या किंवा जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नयेत. शौचातून रक्त पडले, ताप चढला, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल झोपाळू झाले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरगुती उपाय थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. आणि डॉक्टरांना काय खाल्ले याबरोबरच किती वाजता खाल्ले, तेही सांगावे.

बदलापूरच्या एका भगिनींनी विचारले आहे, की सकाळी वेळ नसतो, तर टोस्ट रात्रीच अंड्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवला तर? परदेशात असे करतात हे खरे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि बंद फ्रीजमध्ये कच्चे अंडे मुरलेला ब्रेड म्हणजे जंतूंची खानावळच. मी असे करणार नाही. त्याऐवजी रात्री बटाटे सालासकट उकडून, निवले की लगेच फ्रीजमध्ये ठेवावेत. पनीर किसून, कोथिंबीर निवडून बंद डब्यात घालावी. कांदा सकाळीच चिरावा. अंडी फोडायची ती तवा गॅसवर चढवल्यावर. माझे घड्याळ लावून पाहिलेले आहे, दोन टोस्टना सोळा मिनिटे लागतात. त्यातली निम्मी झाकणाखालची, म्हणजे तेवढ्यात एकीकडे चहा होतो आणि वेणीही घालून होते. ताटलीत मिश्रण उरले तर त्याच तव्यावर त्याची पोळी करून खाऊन टाकावी, संध्याकाळसाठी ठेवू नये.